छत्रीच्या मागे मागे

बस रावेन्नात शिरली तशी एकीनं खिडकीतून बोट दाखवलं. "तो बघा, आजही आलाय!"

स्टेशनाच्या दारात तोच म्हातारा उभा होता. डोक्यावर तपकिरी टोपी, हातात कापडी पिशवी. बससारखाच बोलोन्याहून निघून, पण आगगाडीनं येऊन बसच्या आधीच ठेपला होता.

फोस्काच्या कपाळाला आठी पडली. पेन्शनरांच्या या गुरुवारच्या सहलीची ती गाइड. मागच्या गुरुवारी फेर्रारात हेच, त्याआधी मोदेनात हेच. ती हिरवी छत्री उंच धरून पुढे चालायची, मागून तिची माणसं, आणि सगळ्यांच्या मागे थोडं अंतर राखून हा.

आधी तिला वाटलं होतं, फुकट्या असेल. असे लोक तिला नवे नव्हते. आपण आगगाडीनं आपल्या मर्जीनं फिरतो म्हणून मिरवायचं, छत्रीमागून चालणाऱ्यांना मेंढरं म्हणायचं आणि चर्चसमोर हळूच त्याच मेंढरांत घुसून माहिती ऐकायची. पण हल्ली सगळ्यांच्या कानात यंत्र असतं आणि फोस्का त्यात कुजबुजत बोलते. यंत्राशिवाय याला काय कप्पाळ ऐकू येणार? शिवाय तो कधी वर मान करून काही बघतच नव्हता. बघायचा फक्त सहलीतल्या इर्माकडे.

ड्रायव्हर लोरिसनं तर आज भलतंच सांगितलं. "हा एकदा बसनं आला होता. तू रजेवर होतीस. इर्माबाईंच्या शेजारी बसला, तर बाईंनी असा आरडाओरडा केला की मला बस कडेला घ्यावी लागली. गेला निमूट उतरून. आता आगगाडीनं येतो, लोचट मेला."

इर्मा सगळ्यांची लाडकी होती. गोरीपान, हसरी, गळ्यात मोत्यांची माळ. "हे कुठलं गाव?" असं दर थोड्या वेळानं विचारायची आणि उत्तर ऐकून दर वेळी तितकीच हरखायची. "ह्यांना दुकानातून सवड नाही, नाहीतर ओढूनच आणलं असतं," म्हणायची. तिची मुलगी तामारा पहिल्या दिवशी तिला बसपाशी सोडायला आली, तेव्हा म्हणाली होती, "आई जरा विसरभोळी आहे. आगगाडीनं एकटीला पाठवायचा धीर होत नाही. बसनं तुम्ही तरी आहात." त्यावर फोस्कानं शब्द दिला होता, डोळ्यांत तेल घालून सांभाळीन. तो शब्द मोडायची तिची तयारी नव्हती.

सान विताले चर्चच्या अंगणात सावली होती. इर्मानं अंग आकसून घेतलं. तोच म्हातारा झपाझप पुढे आला, पिशवीतून लोकरी शाल काढली आणि तिच्यापुढे धरली.

इर्मा किंचाळली. "मला नको! कोण आहात तुम्ही?"

फोस्का छत्री आडवी धरून मध्ये उभी राहिली. "बस झालं हं, सिन्योर! आगगाडीनं फिरायचंय ना, मग खुशाल फिरा. माझ्या छत्रीमागे कशाला?"

"बसनं येणं जमलं असतं तर बसनंच आलो असतो," तो हळूच म्हणाला.

"इथं कोणी ओळखीचं आहे तुमच्या?"

त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली. ती इर्मापाशी थांबली. "नाही. मला ओळखणारं इथं कोणी नाही."

"काय हो, या वयात हे धंदे?" मासे विकण्यात जन्म घालवलेली एक बाई मागून खेकसली. "घरी बायको नाही का?"

"आहे."

"मग तिला घेऊन फिरा की!"

सगळे खो खो हसले. इर्माही हसली. म्हाताऱ्यानं टोपी काढली, छातीशी धरली. त्याचे कान लालभडक झाले होते. लहान मुलाला वर्गात उभं केल्यासारखा तो उभा होता.

"पुन्हा दिसलात तर पोलिसांना बोलावीन," फोस्का म्हणाली.

"बोलावू नका," तो म्हणाला. "जातो मी. एवढी शाल तरी द्या त्यांना. माझी म्हणून नाही, तुमची म्हणून द्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोस्कानं शाल घेतली आणि तिला एकाएकी स्वतःचीच लाज वाटली. एवढं बोलायला नको होतं. एका बाजूला घेऊनही सांगता आलं असतं. चारचौघांत म्हाताऱ्या माणसाचं पाणी उतरवलं आणि वर टाळ्या घेतल्या. शाल मात्र तिनं इर्माच्या खांद्यावर घातली. इर्मानं ती गालाशी धरली. परतीच्या वाटेवर तिनं गावाचं नावसुद्धा विचारलं नाही.

बोलोन्यात बस स्टेशनाजवळ थांबली तेव्हा तामारा वाट बघत होती. पोटातली लाज झाकायला फोस्का जरा मोठ्यानंच बोलली, "निर्धास्त राहा. तो आगगाडीवाला म्हातारा आता तुमच्या आईच्या वाटेला जाणार नाही. सगळ्यांसमोर चांगला खडसावला त्याला."

तामारानं आईच्या खांद्यावरची शाल नीट केली आणि रस्त्यापलीकडे पाहिलं. नुकतीच आगगाडी आली होती. कमानीखाली, खांबाच्या आडोशाला, टोपी हातात धरून तो उभा होता. फोस्काला बघून तो आणखी मागे सरला.

"पाहिलंत? इथवर आला!" फोस्का म्हणाली.

तामारानं आईचा हात धरला आणि पलीकडे वळून हाक मारली, "बाबा, आम्ही पुढे होतो. तुम्ही रोजच्यासारखे या मागून, सावकाश."