सत्तावीस हजार फुटांवर

"पंचवीस... सव्वीस... सत्तावीस... गेलं!" सुनेने जॉयस्टिकवरचा हात काढून कपाळाला लावला.

जेवणाच्या टेबलावर दोन पडदे होते, टेबलाच्या कडेला आवळून बसवलेली जॉयस्टिक होती, आणि मध्ये लढाऊ विमानाचं जुनं मॅन्युअल, कपड्यांचे दोन चिमटे लावून उघडं ठेवलेलं. विमान संगणकावरच्या खेळातलं. पण खेळणारी मंडळी अशी चिवट की खऱ्या विमानाच्या मॅन्युअलमधला एकेक आकडा ताडून बघणार. त्यांच्याआधी तो ताडून बघायचं काम हिचं. वळणं जुळली होती, धावपट्टी सोडायचं अंतर जुळलं होतं, इंधनाचा खप तर थेंबाथेंबाला. घोडं अडलं होतं ते एकाच जागी. सत्तावीस हजार फुटांवर विमान मॅन्युअलपेक्षा चार टक्के हळू चढत होतं. तीनपर्यंत माफ होतं.

"अकरा दिवस झाले," ती म्हणाली. "उद्या नाही जुळलं तर हे विमानच खेळातून काढून टाकणार आहेत. आठ महिने पाण्यात."

"मग इंजिनाला तिथं थोडा जोर दे की." टेबलाचा जेवढा कोपरा उरला होता तेवढ्यात सासूबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"देऊन बघितला, आई. मग दुसरंच काहीतरी बिघडतं. डोकं झाकलं की पाय उघडे."

"बघू जरा."

सासूबाईंनी चष्मा बदलला आणि मॅन्युअल ओढून घेतलं. विमानाच्या कारखान्यात त्या नोकरीला होत्या हे घरात सगळ्यांना माहीत होतं, माळ्यावर ट्रंक आहे हे माहीत असतं तसं. काय करायचात, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "मी आपली रेघा ओढत होते." त्यापुढे कुणी विचारलं नव्हतं. सुनेनेसुद्धा नाही.

त्यांनी आलेखातल्या रेघेवरून नख सावकाश वर नेलं आणि एका जागी थांबवलं.

"इथं सांधा आहे."

"कसला सांधा?"

"रेघेला. साहेबलोक विमान उडवून ठिपके आणायचे. त्या ठिपक्यांवर फ्रेंच कर्व्ह, म्हणजे वळणदार पट्टी, ठेवून शाईनं रेघ ओढायची मी. रेघ लांब, पट्टी आखूड, मग सांधा द्यावाच लागतो. फक्त तो दिसायला नको." त्यांनी पानाचा खालचा कोपरा दाखवला. तिथे मुंगीएवढी दोन अक्षरं होती. "ही मी."

ते पान सुनेने शंभरदा पाहिलं होतं. ती अक्षरं आत्ता पहिल्यांदा दिसली, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"म्हणजे सत्तावीस हजारावर विमान कुणी मोजलंच नव्हतं?"

"चोवीसला ठिपका होता, तिसाला होता. मधलं सगळं माझं."

"पण आई, बाकीची रेघ कशी केसासारखी आहे. मग इथंच का?"

सासूबाई चक्क लाजल्या. "आठवा महिना होता गं. पोट ड्रॉइंग बोर्डाला टेकायचं, वरपर्यंत हात पोचेना. मग बोर्ड फिरवून वरची अर्धी रेघ पलीकडून ओढली. जिथं मिळाली तिथं फुगली. ट्रेसिंगवरची शाई खरवडायला जावं तर कागद फाटायची भीती, आणि दुसऱ्या दिवसापासून माझी रजा. साहेब म्हणाले, छान आहे, पाठवा."

त्यांनी एका टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली.

"त्यामुळं कुणाला काही झालं नसेल ना?"

हा प्रश्न आजचा नाही, हे सुनेला कळलं. म्हणून "छे, काहीतरीच" असं न म्हणता तिने कागद घेऊन नीट हिशेब मांडला.

"चोवीस हजारापासून तिसापर्यंत चढायला अर्धा सेकंद जास्त, आई. शिंकेला याहून वेळ लागतो."

सासूबाईंनी मोठा श्वास सोडला. मग साहेबांचे ठिपके कुठे कुठे होते ते त्यांनी रेघेवर दाखवलं, आणि सुनेने तेवढेच कागदावर छापून घेऊन पेन्सिल त्यांच्या हातात दिली. त्या टेबलावर वाकल्या. आता मध्ये काही येत नव्हतं. चोवीसपासून तिसापर्यंत त्यांनी एका दमात रेघ ओढली, ना पट्टी ना खोडरबर.

सुनेने त्या नव्या रेघेवर सत्तावीस हजारांचा आकडा वाचला, पडद्यावरच्या आकड्याशी ताडला, परत एकदा ताडला.

"अर्धा टक्का! आई, फक्त अर्धा टक्का!" तिने सासूबाईंना पेन्सिलीसकट मिठी मारली. आठ महिन्यांत विमान इतकं गोड कधी दिसलं नव्हतं.

अहवालात शेवटी एक रकाना होता, 'फरकाचं कारण'. ती त्यात काय लिहावं याचा विचार करत असतानाच दुपारची झोप संपवून नवरा बाहेर आला.

"एवढा कसला आरडाओरडा?" म्हणत तो पडदा बघायला टेबलावरून वाकला. पोट जॉयस्टिकला लागलं. इतका वेळ सरळ चढणारं विमान आडवं झालं आणि गिरक्या घेत खाली निघालं.

दोघी एकदम हसत सुटल्या. तो आळीपाळीने दोघींकडे बघत राहिला. सासूबाईंनी दोन बोटांनी लेकाचं पोट मागे सारलं.

"सरक," त्या म्हणाल्या. "बेचाळीस वर्षं झाली, अजून मध्येच."