अनुदानाची पाटी

पाळणाघराच्या गच्चीवर सरकारी अनुदानातून सोलर पॅनेल बसले, तरी खालचे पंखे काही फिरेनात. कार्यालयात खेटे घालून घालून बाईंनी अखेर साहेबांना गच्चीवर आणलंच.

"ही बघा तुमच्या अनुदानाची भलीमोठी पाटी! दिवसभर हिची सावली पॅनेलवर. खाली पोरं घामाने भिजून रडतायत. काढू का?"

"छे छे! पाटी रस्त्यावरून दिसलीच पाहिजे, अट आहे तशी."

"अहो, मग पॅनेल तरी हलवून द्या!"

साहेबांनी मान वर करून पाटी नीट न्याहाळली.

"ते बघू नंतर. आधी हिच्यावर दोन दिवे लावून घ्या, रात्रीही दिसायला हवी. आणि बाई, कनेक्शन साध्या विजेचंच घ्या. सोलरचा काही भरवसा नाही."