कोंबड्याला मनाई

"कोंबडा आत नेता येत नाई, बाई," जंगलखात्याच्या नाकेदारानं, गुणवंतरावानं, तिसऱ्यांदा सांगितलं. आडव्या बांबूवरचा हात त्यानं काही उचलला नाही.

सुकरीनं लाल कोंबडा काखेत आणखी घट्ट धरला. तिच्या मागे पाच गावची माणसं उन्हात ताटकळत होती. बांबूपलीकडे तळं, तळ्याकाठी देव. बापजाद्यांपासून पौषात लोक याच वाटेनं देवाला जातात. यंदा वाटेत हा बांबू आला आणि बांबूशेजारी पत्र्याची पाटी. सरकारनं जंगलाची बाग केली म्हणे. जंगलाची बाग! आता आत जायचं ते पाहुण्यासारखं, आणि पाहुण्यानं काय काय आणू नये ते पाटीवर लिहिलेलं. कुऱ्हाड नको, दारू नको, ढोल नको, चकमक नको, कुत्रं, बकरं, कोंबडं काही म्हणजे काही नको. वाचता येणारा तिथं एकटा गुणवंतराव. त्यानं घसा खाकरून वाचून दाखवलं आणि लोकांनी मुकाट्यानं एकेक वस्तू मोहाच्या झाडाखाली ठेवली. सुकरीच्या नवऱ्यानं, लच्छूनंही कुऱ्हाड ठेवली. या मुलखात बाप्या माणूस कुऱ्हाडीवाचून घराबाहेर पडत नाही. बिचारा सारखा मोकळा खांदा चाचपत होता. देवासाठी आणलेली दारू तर मातीत ओतायला लावली.

कोंबडा मात्र सुकरी ठेवेना. तो नवसाचा होता. दोन वर्षांमागं मोह वेचताना अस्वलानं लच्छूचा गाल फाडला, डोक्याची कातडी लोंबायला लागली. तेव्हा तिनं तळ्याच्या देवाला सांगितलं होतं, हा स्वतःच्या पायानं तुझ्यापर्यंत आला तर लाल कोंबडा तुझा. लच्छू वाचला. आता यंदाच्या जत्रेत नवस फिटला नाही तर देव दिलेलं माघारी घेणार, हे तिथं कुणाला सांगावं लागत नव्हतं. गुणवंतरावालाही ते कळत होतं. तो सावली गावाकडचा, त्याच्याही घरी नवससायास चालायचे. पण नोकरी ती नोकरी.

त्यानं आपल्या परीनं तोड काढली. कोंबडा इथं बांध, म्हणाला, आत जा, हात जोड आणि ये. फुलं नेता येतात. नारळालाही पाटीवर मनाई नाही.

"नारळ?" सुकरी म्हणाली. "आमच्या देवानं नारळ कधी पाह्यलं?"

मग तिचं डोकंच फिरलं. तिनं त्याला चांगलंच सुनावलं. या तळ्याच्या पाण्यात मायनं तिला पहिली आंघोळ घातली होती, आणि याच्या नाक्याच्या कुडाची माती अजून ओली होती, आणि हा तिला सांगणार की तिनं तिच्या देवाला काय न्यावं! लच्छू मागून तिचा पदर ओढत होता. तिनं त्याचा हात झिडकारला, कमरेची पुरचुंडी सोडली आणि बांबूपुढं बसकण मारली.

पुरचुंडीत तांदूळ होते. नवसाचा कोंबडा देवापुढं सोडतात आणि त्याच्यापुढं दाणे टाकतात. त्यानं टिपले की देव हजर आहे, देवानं मानून घेतलं. नाही टिपले तर पुन्हा हात जोडायचे, पुन्हा विनवायचं. हे तळ्याकाठी, देवाच्या दगडापुढंच करायचं. दुसरीकडे कुठं कुणी केलेलं नव्हतं.

"कोंबड्यालेच इचारू," ती म्हणाली. "यानं इथं दाणा टिपला तं मी इथूनच वापस जाईन. नाई टिपला तं तू बांबू उचल."

गुणवंतराव हो म्हणाला. हो म्हणायला त्याचं काय जात होतं?

सुकरीची खात्री होती. कोंबडा पहाटेच गळ्यापर्यंत कुटकीचे दाणे खाऊन आलेला, आणि देव तिकडे तळ्याकाठी. इथं तो कशाला चोच लावतो? तिनं दाणे नाकेदाराच्या पायाशीच फेकले आणि कोंबडा सोडला. लच्छूनं डोळे मिटले. कोंबड्यानं पंख झाडले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मान खाली घालून दाणा टिपला. मग दुसरा. मग भराभरा सगळे.

लोकांचा जीव भांड्यात पडला. लच्छू फाटक्या गालानं हसला. गुणवंतरावाचे हात केव्हा जोडले गेले, त्याचं त्यालाही कळलं नाही. झालं न बाई, तो म्हणाला, घेतलं देवानं. जसं काही त्यानंच जमवून आणलं होतं.

सुकरी उठली नाही. दाणे संपले होते तिथल्या मातीकडे ती पाहत राहिली. तिचा चेहरा पाहून लच्छूचं हसू गेलं.

"हासून काऊन राह्यले?" ती लोकांना म्हणाली. "देव आत असता तं यानं इथं दाणा टिपला असता काय? त्यालेबी बाहेर काढलं यायनं."

मग तिनं मान वर केली.

"नाकेदार, जोडे काढ. देवाच्या जाग्यावर उभा हायेस तू."

गुणवंतरावानं खाली पाहिलं. पाटीवर याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. तो वाकला, सरकारी बुटाच्या नाडीपर्यंत त्याचा हात गेला आणि तिथंच थांबला.