खांद्यावरची लेन्स

मैदानात ट्रायपॉड न्यायला बंदी होती, तेव्हा नियाजनं हातभर लांब लेन्स सरळ अब्बांच्या खांद्यावर टेकवली. हवाई दलाच्या विमानांच्या कसरती बघायच्या म्हणून अब्बा पहाटेच इस्त्रीचा सदरा घालून तयार बसले होते. “मान खाली ठेवा, डोकं मधे येतंय,” नियाज खेकसला, “आणि श्वास जरा बेतानं घ्या, फोटो हलतोय!” विमानं उलटी फिरली, एकमेकांना घासून गेली, धुराचा तिरंगा ओढत दिसेनाशी झाली, मैदान बेभान ओरडत होतं. मग नियाज लेन्स खांद्यावरून न काढताच फोटो चाळू लागला. “असले फोटो अख्ख्या खडकीत कुणाकडे नसतील, अब्बा!” चपलांवरची नजर न हलवता अब्बांनी विचारलं, “आता वर बघू का रे?” नियाजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रिकाम्या आभाळाकडे बघून अब्बा “वा!” म्हणाले, तेव्हा त्यानं कॅमेरा पाठीमागे लपवला.