आठ दिवस लक्षद्वीप

“तिथे फोनच लागत नाही,” वृंदाने तिसऱ्यांदा सांगितलं. “म्हणून तर तेच बेट निवडलं.”

समोरच्या फ्लॅटमधली देविका चहाचा कप हातात धरून ऐकत होती. नोव्हेंबर लागला होता, दिल्लीतल्या मयूर विहारच्या हवेत धूर साचला होता, सगळ्या सोसायटीच्या खिडक्या बंद होत्या. अशा दिवसांत निळ्या पाण्याच्या गोष्टी ऐकून तिला हेवा वाटला, आणि तो तिने मोकळेपणाने बोलूनही दाखवला.

वृंदाचे यजमान दीनानाथराव मार्चमध्ये केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. तीस वर्षं फायली चालवलेल्या माणसाला कशाचाही तक्ता करता येतो. त्यांनी आठ दिवसांचा तक्ता करून फ्रिजवर चिकटवला होता. सकाळी उठायचं नाही. न्याहारी उशिरा. दुपारी झोप. संध्याकाळी पुस्तक. मग पुन्हा झोप. देविकाचा नवरा नीरज भेटला की ते त्याला लगून म्हणजे काय ते समजावून सांगत. प्रवाळाचं कडं समुद्राला बाहेरच अडवतं, लाटा तिथेच आपटतात, आतलं पाणी हलत नाही. हे सांगताना त्यांचा चेहरा इतका सुखी व्हायचा, की नीरजने बेटावर जायला लागणाऱ्या सरकारी परवान्याचं काय केलं हे विचारायचं राहूनच जायचं.

ही सुट्टी वृंदाला किती हवी होती, ते तिचं तिलाच ठाऊक. दिल्लीत मराठी माणसाचं घर म्हणजे पाटी नसलेलं महाराष्ट्र सदन. वैष्णोदेवीला निघालेले, यूपीएससीच्या मुलाखतीला आलेले, मोठ्या दवाखान्यात दाखवायला आणलेले, पानिपतची रणभूमी बघायची म्हणून उतरलेले, सगळे हिच्याच दारात. तिने कोणाला पोळी नाकारली नाही. माणसं तिला आवडायचीही. पण ती दमली होती. सहा वाजता उठून आपण न बोलावलेल्या माणसांसाठी कणीक मळायची नाही, असे सलग आठ दिवस तिला आयुष्यात एकदा तरी हवे होते.

गेल्या वर्षी दोघं चार दिवस हरिद्वारला गेले होते. परत येऊन बघतात तर दीनानाथरावांचा साताऱ्याचा पुतण्या संग्राम बायको आणि सासू-सासऱ्यांसह घरात मुक्कामाला. देविकाकडे ठेवलेली किल्ली त्याने गोड बोलून मागून घेतली होती. “या काकू, दमला असाल,” असं म्हणत त्याने वृंदाला तिच्याच घरात चहा दिला. ती हसली, आणि मग मोरीत जाऊन रडली.

त्यामुळे या खेपेला किल्ली कोणाकडेच द्यायची नाही, असं तिने ठरवलं. तुळस आणि दोन कुंड्या उचलून देविकाच्या बाल्कनीत नेऊन ठेवल्या. वर्तमानपत्र बंद केलं, दूध बंद केलं, कामवालीला सुट्टी दिली. दीनानाथरावांनी सरोजिनी नगरला जाऊन नारळाच्या झाडांची चित्रं असलेल्या दोन अर्ध्या चड्ड्या आणल्या आणि सोसायटीभर दाखवल्या.

निघायच्या तीन दिवस आधी संग्रामचा फोन आला. तो मंडळींना घेऊन पुन्हा वैष्णोदेवीला निघाला होता. काका-काकू नसले तरी हरकत नाही, घर तर आहे, असं त्याचं म्हणणं. दीनानाथराव पुरते भिडस्त. भीड भिकेची बहीण. त्यांच्या तोंडून होकार निघणार, एवढ्यात वृंदाने फोन काढून घेतला.

“पेस्ट कंट्रोल करून निघतोय रे,” ती शांतपणे म्हणाली. “आठ दिवस घर बंदच ठेवायचंय.”

“मग चार दिवसांनी आलो तर, काकू?”

“आठ दिवस, संग्राम.”

तिने फोन ठेवला. आपल्याला नाही म्हणता येतं, याचंच तिला नवल वाटत होतं.

दुसरं संकट नीरजने आणलं. टॅक्सी सांगितलीय म्हटलं तरी तो ऐकेना.

“काय ताई, यार, मी असताना टॅक्सी? बिल्कुल नाही. एअरपोर्टवर मीच सोडणार.”

दीनानाथरावांचा चेहरा उतरला. शेजाऱ्याला पहाटे उठवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण वृंदाने जरा विचार केला आणि चलो, ठीक आहे, म्हणून टाकलं.

सकाळी सहाला देविकाने हात हलवून निरोप दिला. वाटेत नीरजने फोटो पाठवायचं वचन घेतलं. विमानतळावर त्याने बॅगा उतरवल्या, तेव्हा इथे गाडी थांबवू देत नाहीत, तू निघ, असं वृंदाने त्याला दोनदा बजावलं. गाडी दिसेनाशी झाली तशी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वृंदाला हसू फुटलं, ते आवरेचना.

दुपारी दोनच्या सुमाराला, सगळीकडे सामसूम असताना, दोघं मुक्कामी पोचले. दोघांनी आपापले फोन बंद करून ठेवले. मग जी झोप लागली, ती थेट अंधार पडल्यावर मोडली.

दुसऱ्या दिवशी वृंदाला जाग आली तेव्हा साडेनऊ वाजले होते. दीनानाथराव नारळाची चड्डी घालून, पाय वर करून वाचत पडले होते. चहा कोणाला हवा, किती जणांचा टाकू, गिझर चालू आहे का, असलं काही कोणी विचारत नव्हतं. तिने उशीला टेकून पुस्तक उघडलं. आपण सुखी आहोत, असं तिच्या मनात आलं, आणि त्यात तिला काही खोट दिसेना.

तेवढ्यात बेल वाजली. एकदा, दोनदा, मग लागोपाठ तीनदा. दोघंही होती तिथेच गोठली. दीनानाथरावांनी उलटायला घेतलेलं पान तसंच अर्धवट धरून ठेवलं.

“किती वेळ बेल वाजवाल, संग्राम?” दाराबाहेरून देविकाचा आवाज आला. “काका-काकू काल सकाळीच लक्षद्वीपला गेले. नीरजने स्वतः विमानतळावर सोडलं त्यांना.”