खालची नळी, वरची नळी

"माशी दिसायलीय?" दुकानदार हणमंतरावांनी विचारलं.

"न्हाई."

अंबिकानं डोळे मिटून बंदूक खांद्याला लावली होती आणि मग डोळे उघडले होते. बंदूक अंगाला बसत असेल तर नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक मणी, नजरेसमोर आपोआप येते. आली नाही.

दुसरी बंदूक. पुन्हा डोळे मिटले. पुन्हा नाही.

एकीवर एक दोन नळ्या. पहिला बार खालच्या नळीचा. हुकला तर वरचा. नेमासाठी उडवलेली मातीची तबकडी हवेत असेपर्यंतच.

*खालची नळी*

पिराप्पा मेहकरचा. मेंढरं विकून हैदराबादेत गेला आणि नेमबाजीच्या मैदानावर वॉचमन झाला. फुटलेल्या तबकड्यांचे तुकडे वेचता वेचता लेक अंबिका बंदूक धरायला शिकली. आता एकवीस वर्षांची. परवाना तिच्या नावावर. पंचविसांतल्या पंधरा तबकड्या फोडते. निवडीला वीस लागतात.

निवड पुढच्या रविवारी, बेंगळुरात. क्लबची बंदूक क्लबबाहेर जात नाही. स्वतःची नसेल तर जायचंच नाही. हैदराबादेतल्या किमती झेपेनात, म्हणून बाप-लेक गुलबर्ग्याच्या या जुन्या दुकानात आले होते.

पहिली बंदूक महाग. दुसरी जड.

"तिसरी न्हाई माझ्याकडं," हणमंतराव म्हणाले.

भिंतीवर होती.

*वरची नळी*

"ती कामून दाखवंना झालाव, मालक?" पिराप्पानं विचारलं.

"तुमच्या उपयोगाची न्हाई. किंमत निम्मी हाय, पर सात वर्सं झाली, कुणी न्हेईना."

त्यानं ती मागून घेतली. बाजारात बैल बघतात तशी बघितली. नळ्यांत डोकावला. खांद्याला टेकवायच्या लाकडी दस्त्यावरनं हात फिरवला. हात मध्येच थांबला.

"ह्यो डाव्या अंगाचा बैल हाय, मालक."

हणमंतराव खो खो हसले. "लई बंदूकवाले आले, आसं कुणी बोललं न्हाई! व्हय, डावऱ्या माणसासाठी दस्ता वळवून घेतलेला हाय."

पिराप्पा हसला नाही. जोडीत डावीकडं चालायला शिकलेला बैल उजवीकडं जुंपला की नांगराचं तास वाकडं जातं. बैल खोडकर ठरतो. मार खातो.

हणमंतराव आता अंबिकाकडं बघत होते. "अक्का, दोन्ही डोळे उघडे ठेव. हात लांब करून बोटाचं कडं कर. त्यातनं माझं नाक बघ."

कडं तिच्या डाव्या डोळ्यासमोर होतं.

"डोळा डावा, खांदा उजवा! तबकडी बिचारी फुटंल कशी? डावरी हायस व्हय गं?"

"न्हाई." अंबिका झटकन म्हणाली. विचारायच्या आधीच उत्तर तयार असावं तशी. आणि तिनं एकदा बापाकडं बघितलं.

"आसू दे. घेऊन तर बघ."

तिनं तिसरी बंदूक डाव्या खांद्याला लावली. खांदा नवखा. गाल लाकडावर टेकला. डोळे मिटले.

काउंटरवर रेडिओ चालू होता. कन्नड बातम्या. हणमंतरावांनी तो बंद केला.

डोळे उघडले.

माशी समोर होती. मधोमध.

मग खांदा हलकेच फिरला, दारातनं आत आलेल्या चिमणीमागं नळी सरकली, छपरापर्यंत, तुळईपर्यंत. चिमणी वळली तशी नळी वळली. माशी सुटली नाही.

"कुणी शिकवलं गं?" हणमंतरावांचा आवाज खाली आला होता. "डावरी न्हाई म्हणतीस, मग हे आलं कुठनं?"

उत्तर पिराप्पानं दिलं. फरशीकडं बघत.

"डावरीच हाय ती. डाव्या हातानं घास उचलायची. पंगतीत लोक हसायचे. म्हणून जेवताना तिचा त्यो हात पंच्यानं कमरंला बांधायचो. दोन वर्सं. मीच."

त्यानं वर बघितलं.

"बंदूक द्या, मालक. त्यो हात आज सोडायलोय."