हललेला फोटो
रत्नव्वाच्या पत्राला मी अकरा वर्षं उत्तर दिलं नाही. त्या वर्षी मे महिन्यात गडहिंग्लजच्या बाजारात कलिंगडं विकणाऱ्या तिच्या नवऱ्याचा मी फोटो काढला होता. "पावणं, घरला पाठवा की फोटू!" म्हणत त्यानं आपला पत्ता दिला, माझाही घेतला होता. पावसाळ्यात पत्र आलं: "मालक गेलं. त्यांचा दुसरा फोटू न्हाय. तेवढा पाठवा." पण फोटो काढताना तो हसत हलला होता, कलिंगडं स्पष्ट, चेहरा पुसट. "तुमच्या फोटोत माणसांपेक्षा कलिंगडंच छान येतात," बायको हसली होती. लाजेनं मी फोटो पत्रातच ठेवून दिला. यंदा उन्हाळ्यात बायको गेली. मी काढलेले तिचे फोटो कायम बिघडायचे, मी ते फाडायचो. एकच उरला, रंकाळा तलावावरचा, तोही हललेला. रोज मी त्याच्यासमोर बसतो. काल रत्नव्वाला लिहिलं, "उशीर झाला. मालकांचा चेहरा पुसट आहे, पण हसू ओळखाल." फोटोसह पाकीट टपालपेटीत टाकलं.